एक्झॉस्ट फॅन थरथरतोय, खडखडतोय? आधी ऐका, मग खोला

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आवाज करायला लागला की बहुतेक घरांत एकच इलाज होतो, बटण बंद ठेवायचं. पंखा भिंतीत तसाच राहतो, जाळीवर धूळ चढत जाते. मग दोन पावसाळ्यांत दार फुगतं, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि कितीही उन्हात वाळवला तरी टॉवेलचा कुबट वास जात नाही. पंख्याचं दुखणं तेवढ्यात बरं होण्यासारखं होतं, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

गॅस गिझर असलेल्या घरांसाठी एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला गरगरतं, आणि दार उघडायचं भान येण्याआधीच शुद्ध जाते. म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा. अजून आत असेल तर पंख्याच्या भरवशावर तो वापरू नका. पंखा हवा बाहेर ओढतो खरा, पण दाराखालून नवी हवा आत आली नाही तर गिझरचा धूर उलटा खोलीतच फिरतो. गिझर बाहेर काढा आणि मग पंख्याकडे वळा.

मी हे काम भुसावळच्या माझ्या मामांकडून शिकलो. मोटार वाइंडिंगमध्ये त्यांची उमर गेली. दुकानात पंखा आला की ते पाना हातात घ्यायचे नाहीत. पंखा टेबलावर ठेवून चालू करायचे, बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. मला घाई व्हायची. ते म्हणायचे, "आधी आयक, मंग खोल." पुढे जे लिहिलंय ते या एका वाक्यावर उभं आहे. पंख्याचा आवाजच सांगतो दुखणं कुठे आहे. ते समजलं तर निम्म्या वेळा पंखा पूर्ण खोलावाही लागत नाही.

हाताशी काय ठेवायचं

फुली स्क्रूड्रायव्हर, चपटा स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, पक्कड, एक जुना टूथब्रश, रंगकामाचा छोटा ब्रश, कोरडी फडकी, शिलाई मशीनचं तेल, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि कात्री. स्क्रू आणि पिना ठेवायला एक स्टीलची वाटी. एवढ्यावर बहुतेक काम होतं. मल्टिमीटर असेल तर चांगलं, नसेल तर अडत नाही.

उभं राहायला लाकडी स्टूल किंवा घडीची शिडी घ्या. ओल्या फरशीवर प्लॅस्टिकचं स्टूल सरकतं. काम सुरू करण्याआधी फरशी पुसून कोरडी करा, पायात रबरी चप्पल ठेवा आणि खाली स्टूल धरायला कोणीतरी उभं करा.

वीज बंद म्हणजे कुठून बंद

नवखा माणूस नेमका इथेच चुकतो. बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली असं नाही. जुन्या वायरिंगमध्ये कित्येकदा बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, जोडलेलं असतं. तसं असेल तर बटण बंद असूनही पंख्यापर्यंत फेज, म्हणजे जिवंत वीज, येऊन थांबलेला असतो. त्यामुळे मेन बोर्डावरचा त्या लाइनचा एमसीबी खाली पाडा. जुन्या घरात फ्यूज असेल तर तो काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कोणी लावणार नाही.

आपल्याकडे घराघरांत इन्व्हर्टर आहे आणि त्याची लाइन वेगळी असते. एमसीबी पाडल्यावर इन्व्हर्टर मुकाट्याने सुरू होतो आणि बाथरूमचा पंखा त्याच लाइनवर असेल तर वायरीत वीज तशीच राहते. इन्व्हर्टरही बंद करा. मग टेस्टर लावून पाहा. पण त्याआधी तोच टेस्टर चालू सॉकेटला लावून तो पेटतोय याची खात्री करून घ्या.

आणि लाइट गेलेली असताना, "आता वीज नाहीच तर उरकून घेऊ" म्हणून पंख्याला हात घालू नका. ती कधी येईल याचा नेम नसतो, आणि त्या वेळी टेस्टरने काही कळतही नाही.

पाच मिनिटं नुसतं ऐका

एमसीबी पाडण्याआधी, पंखा चालू असताना, या पाच गोष्टी करून पाहा. मला विचाराल तर या अख्ख्या कामात सगळ्यात मोलाचा वेळ हाच.

पहिली गोष्ट, पंखा पूर्ण वेगाने फिरू द्या आणि बटण बंद करा. बंद करताक्षणी आवाज गेला आणि पाती मात्र अजून फिरतायत, तर तो आवाज विजेचा आहे. म्हणजे मोटारीची घुरघुर, कपॅसिटर, रेग्युलेटर किंवा इन्व्हर्टर. पण बटण बंद केल्यावरही आवाज राहिला आणि पात्यांच्या वेगाबरोबर हळूहळू मंद होत गेला, तर दुखणं फिरणाऱ्या भागात आहे. म्हणजे पात्यांवरची घाण, बेअरिंग, बुश (मोटारीचा दांडा जिच्यात फिरतो ती धातूची नळी) किंवा सैल फ्रेम. एवढ्या एका चाचणीने अर्धी शक्यता बाजूला पडते.

दुसरी, घरातलं लाटणं घ्या. ते पूर्ण लाकडी आणि कोरडं हवं. त्याचं एक टोक पंख्याच्या बाहेरच्या चौकटीवर टेकवून हळूच दाबा. आवाज लगेच कमी झाला तर चौकट भिंतीत सैल आहे. दाबूनही काही फरक पडला नाही तर लाटण्याचं दुसरं टोक कानाशी धरा. लाकडातून आतला आवाज स्पष्ट येतो. वाळूवरून चाक गेल्यासारखी खरखर ऐकू आली तर बॉल बेअरिंग गेलंय. गुळगुळीत घूं ऐकू आली तर बेअरिंग ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. मामा हेच काम लांब दांडीच्या स्क्रूड्रायव्हरने करायचे, पण ते टेबलावर, कोरड्या दुकानात. बाथरूममध्ये चालू पंख्याला लोखंड लावायचं नाही. लाटणंही जाळीच्या आत जाऊ देऊ नका.

तिसरी, दार बंद करून ऐका, मग उघडून ऐका. दार उघडताच पंख्याचा सूर बदलला आणि तो मोकळा वाटायला लागला तर त्याला आत हवाच मिळत नाहीये. दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट हवी. नव्या फ्लॅटमध्ये दार फरशीला अगदी घासून बसवलेलं असतं. अशा वेळी पंखा कितीही दुरुस्त करा, तो गुदमरतच राहणार. सुताराकडून दार खालून थोडं रंधून घेतलं की काम होतं.

चौथी, लाइट गेल्यावर ऐका. एरवी शांत असलेला पंखा फक्त इन्व्हर्टरवर घुरघुरत असेल तर पंख्यात काही बिघडलेलं नाही. साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची असते आणि मोटारीला ती मानवत नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही घुरघुर होत नाही. अशा पंख्याला उगाच खोलू नका.

पाचवी, आवाजाचं रूप ओळखा. प्रत्येक फेऱ्याला टक-टक म्हणजे पातं कशाला तरी लागतंय. चालू करताना चीं आणि मग शांत, विशेषतः थंडीत सकाळी, म्हणजे बुश कोरडा पडलाय. बाहेर वारा सुटला की फडफड म्हणजे मागच्या झडपा. आणि भिंतीला हात लावला तर तळहाताला मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, आरसा किंवा साबणाची डिश थरथरत असेल, तर पात्यांचा तोल गेलाय किंवा फ्रेम सैल आहे. बहुतेक वेळा दोन्ही.

पाती: सगळी धुवा, नाहीतर एकही धुऊ नका

खानदेशातल्या पंख्यावर जी घाण बसते ती नुसती धूळ नसते. उन्हाळ्यात फुफाटा उडतो, तो जाळीतून आत येतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांकडे बारीक तूस हवेत तरंगत असते. त्यात आंघोळीची वाफ, साबण आणि केस मिसळले की पात्याच्या कडेवर नमद्यासारखा थर चढतो. नखाने खरवडला तर पट्टीच्या पट्टी निघून येते, ओली, राखाडी, हाताला जड.

एवढ्याशा थराने काय होतं, असं वाटेल. हिशेब करून पाहा. आपली वीज 50 हर्ट्झची. नेहमीच्या चार पोलच्या मोटारीचा पंखा मिनिटाला साधारण 1350 ते 1400 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीस. एका पात्यावर चिमूटभर जास्त घाण असली तर ती शाफ्टला, म्हणजे मोटारीच्या दांड्याला, सेकंदाला तेवीस वेळा आपल्याकडे ओढते. भिंत थरथरते ती याने. आणि हाच हिसका रोज खाऊन बेअरिंग वेळेआधी झिजतं.

म्हणूनच अर्धवट सफाई ही न केलेल्या सफाईपेक्षा वाईट. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी पंखा न काढता, जाळीतून हात पोचेल तेवढं पुसलं. पाचपैकी तीन पाती लख्ख झाली, दोन तशीच राहिली. बटण दाबल्यावर पंखा आधीपेक्षा दुप्पट हलायला लागला, फळीवरची शाम्पूची बाटली सरकत सरकत खाली पडली. मोटार गेली असं समजून मी मामांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "सगळी पुसली का?"

तेव्हा पातं बाहेर काढायचंच. एमसीबी पाडून, टेस्टर लावून झाल्यावर आधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर कुठे, कुठला स्क्रू कुठे, ते जोडताना लागेल. पुढची जाळी कधी चापांवर बसवलेली असते, कधी चार स्क्रूंवर. ती निघाली की पात्यांच्या मधोमध एक टोपी किंवा नट दिसेल. त्यावर दिशेचा बाण आहे का पाहा. नसेल तर एक लक्षात ठेवा: या नटाचे आटे बहुधा उलटे असतात. पंखा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो. फिरताना नट आपोआप घट्ट व्हावा म्हणून तशी रचना केलेली असते. नेहमीच्या सवयीने डावीकडे जोर लावाल तर तो आणखी आवळेल किंवा प्लॅस्टिकची टोपी फुटेल. काही पंख्यांना नटाऐवजी पात्याच्या बुंध्यात बारीक स्क्रू असतो. तो आधी सैल करा.

नट निघाल्यावर पातं दोन्ही हातांनी, समोरासमोर धरून, सरळ पुढे ओढा. एका बाजूने उचकटू नका आणि मागून हातोडी तर मुळीच मारू नका. शाफ्ट कणभर वाकला तरी तो पंखा पुन्हा शांत चालत नाही. पात्यामागे शाफ्टमध्ये आडवी पिन असेल तर ती वाटीत टाका. ही पिन मोरीच्या जाळीतून गेली की परत मिळत नाही, त्यामुळे मोरीवर आधी फडकं अंथरलेलं बरं.

पाती कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, कडा आणि बुंधा टूथब्रशने घासा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. पेट्रोल, थिनर नको, त्याने प्लॅस्टिक तडकतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार बसले असतील तर लिंबू चोळून दहा मिनिटं ठेवा. आणि वाळवायचं सावलीत. वैशाखात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. अशा उन्हात गच्चीवर ठेवलेलं पातं संध्याकाळी हाती घ्याल तेव्हा सरळ असेलच असं नाही.

मोटारीला पाणी लावायचं नाही. कोरड्या ब्रशने तिच्यावरची धूळ झाडा, हवेच्या भोकांतली तूस काढा. बस.

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचं थोडं वेगळं. तिथे फोडणीचं तेल आणि धूळ मिळून डिंकासारखा चिकटा होतो. वांग्याच्या भरताचे दिवस सुरू झाले की वांगी भाजल्याचा धूरही त्यात भर घालतो. तिथे धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून पाती अर्धा तास भिजत ठेवा. बाकी कृती हीच. फक्त ॲल्युमिनियमची पाती सोड्यात ठेवू नका, काळी पडतात.

पातं परत बसवण्याआधी त्याला उजेडाकडे धरून बुंध्याशी तडा आहे का पाहा. तडा असेल तर चिकटवत बसू नका. त्या वेगाने फिरताना सुटलेला तुकडा गोळीसारखा येतो. नवं पातं मिळालं तर ठीक, नाहीतर पंखाच बदला.

तोल पाहायचा तो असा

स्वच्छ पातं बसवून हाताने हलकेच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. असं सात-आठ वेळा करा. दर वेळी वेगळं पातं खाली येऊन थांबत असेल तर तोल बरोबर आहे. एकच पातं पुन्हा पुन्हा खाली येत असेल तर ते जड आहे. मग त्याच्या समोरच्या पात्याच्या पाठीवर, कडेच्या जवळ, इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवा आणि पुन्हा फिरवा. टेप कमी-जास्त करत योग्य जागा सापडली की टेप काढून तेवढ्याच वजनाची एम-सीलची चपटी टिकली तिथे दाबून बसवा आणि वाळू द्या. हे किचकट वाटतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात हाताला समजतं.

पाती एका रेषेत फिरतात का तेही पाहा. चौकटीवर आगकाडी टेकवून तिचं टोक एका पात्याच्या अगदी जवळ आणा आणि पातं हाताने फिरवा. सगळी पाती काडीपासून सारख्या अंतरावरून गेली पाहिजेत. एखादं पातं काडीला धक्का देत असेल तर ते वाकलंय.

चौकट आणि भिंत

पंखा ठणठणीत असूनही आवाज येतो, आणि कारण भिंतीत असतं. आपल्या भागात तीन प्रकारची घरं आहेत, तिघांचं दुखणं वेगळं.

जुनी धाब्याची घरं, मातीच्या जाड भिंतींची. या भिंतीत ड्रिल करून प्लॅस्टिकची गिट्टी बसवली तर महिन्या-दोन महिन्यांत ती सैल होते. माती भुगा होऊन गळत राहते आणि पंखा स्क्रूवर लोंबकळत थरथरतो. तिथे गिट्टी मोठी करत जाण्यात अर्थ नाही. भोकाच्या मापाची लाकडी चौकट करून ती सिमेंटात पक्की बसवा, दोन-तीन दिवस पाणी मारा, आणि मग पंखा त्या लाकडावर स्क्रूने आवळा. काम एकदाच होतं, पण कायमचं होतं.

विटा-सिमेंटची घरं. इथे गिट्टी धरते. ती ढिली झाली असेल तर एक नंबर मोठी गिट्टी आणि लांब स्क्रू वापरा.

तिसरा प्रकार फ्लॅट आणि क्वार्टरचा. व्हेंटिलेटरला काचेच्या आडव्या पट्ट्या असतात. दोन-चार पट्ट्या काढून त्या जागी पंखा तारेने बांधलेला असतो. उरलेल्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या खाचेत सैल असतात आणि पंखा सुरू झाला की कुडकुडतात. लोक मोटारीला दोष देतात, आणि वाजत असते काच. एक-एक पट्टी बोटाने दाबून पाहा, कुठली दाबल्यावर आवाज थांबतो ते कळेल. तात्पुरतं म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना रबराची पाचर मारा. खरा उपाय म्हणजे सगळ्या पट्ट्या काढून त्या मापाचा वॉटरप्रूफ प्लायवूड किंवा एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट) शीट बसवायचं, त्याला पंख्याच्या मापाचं गोल भोक पाडायचं आणि पंखा त्यावर आवळायचा.

तिन्ही ठिकाणी चौकट आणि भिंत यांच्यामध्ये रबर घालाच. सायकलच्या ट्यूबचे दोन पदर पुरतात. चारही कोपऱ्यांत रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे, मधोमध स्क्रूचं भोक, आणि स्क्रूच्या डोक्याखाली रबराचीच एक चकती. थरथर रबरात मुरते, भिंतीत जात नाही. स्क्रू आवळताना एका कोपऱ्यानंतर त्याच्या समोरचा तिरपा कोपरा घ्या, थोडं थोडं करत. जीव खाऊन आवळलात तर प्लॅस्टिकची चौकट पिळली जाते आणि पातं एका बाजूला घासायला लागतं. आवळून झाल्यावर पातं हाताने फिरवा. चौकट आणि पात्याच्या टोकामधली फट सगळीकडून सारखी दिसली पाहिजे.

मागच्या झडपा

मागच्या झडपा पंखा सुरू झाला की उघडतात, बंद झाला की मिटतात. पावसाळ्यात पश्चिमेकडून जो वारा येतो त्याने त्या रात्रभर आपटतात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात त्या ह्याच वाऱ्यावर. बाथरूमची भिंत पश्चिमेला असेल तर बाहेरून तिरपं टोपण बसवून घ्या, ज्याचं तोंड खाली असेल.

झडपांना हात घालण्याआधी बाहेरून नीट बघा. चिमणीचं घरटं असेल, आत अंडी-पिल्लं असतील, तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर ते काम तुमचं नाही. मोकळं असेल तर झडपांच्या बिजागऱ्या ब्रशने साफ करा, प्रत्येक झडप बोटाने हलवून ती अडकत नाही ना पाहा, आणि जिथे ती चौकटीवर आपटते तिथे पातळ फोमची पट्टी चिकटवा. जाड पट्टी नको, झडप उघडी राहील आणि सरडा आत येईल.

बुश आणि बेअरिंग

लहान पंख्यांत, म्हणजे सहा-आठ इंची, बहुधा बुश असतो. मोठ्या आणि लोखंडी बॉडीच्या पंख्यांत बॉल बेअरिंग असतं. पातं काढल्यावर शाफ्ट दोन बोटांत धरा. पुढे-मागे कणभर सरकला तर चिंता नाही, तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण वर-खाली किंवा डावी-उजवीकडे खडखडला तर बुश झिजलाय, तेल घालून काही होणार नाही.

शाफ्ट पक्का आहे पण फिरवताना जड लागतो, तर तेलाची वेळ झालीय. शाफ्ट जिथे मोटारीत शिरतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, शाफ्ट हाताने फिरवत राहा, जास्तीचं पुसा. मागच्या बाजूचं टोपण निघत असेल तर तिथल्या बुशलाही तेवढेच थेंब. बुशभोवती फेल्टची गोल चकती असते, ती तेल धरून ठेवते, म्हणून तासभर मुरू द्या.

खोबरेल तेल घालू नका. बऱ्याच घरांत तेच हाताशी असतं, म्हणून आवर्जून सांगतो. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. आपल्या पौष-माघाच्या थंडीत ते बुशमध्ये घट्ट होतं आणि सकाळी पंखा उचलतच नाही. पुढे त्याचा चिकटा होतो, त्यात धूळ धरते. गंज सोडवायचे पातळ स्प्रेही नकोत. दोन दिवस बरं वाटतं, मग उरलंसुरलं वंगणही धुऊन गेलेलं असतं.

बॉल बेअरिंगला बाहेरून तेल पोचत नाही. खरखर असेल तर ते बदलावं लागतं. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. 608 नंबरचं असेल तर आतलं भोक 8 मिमी, बाहेरचा व्यास 22 आणि जाडी 7. जुनं बेअरिंगच दुकानात न्या आणि दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मागा. नंबरापुढे 2आरएस लिहिलेलं असतं ते. वाफेच्या जागी पत्र्याच्या झाकणापेक्षा रबराचं बरं टिकतं. बेअरिंग शाफ्टवरून काढायला पुलर लागतो. तो नसेल तर मोटार काढून दुकानातच न्या, हातोडीने ठोकून काढू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे पंख्याची मोटार दुरुस्त करणारा आणि कूलर दुरुस्त करणारा बहुधा एकच असतो. मार्च उजाडला की त्याच्या दुकानात कूलरच्या मोटारींचा ढीग लागतो आणि तुमचा एक्झॉस्ट त्याखाली जातो. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत द्या, निवांतपणे काम होतं.

घुरघुर, आणि पंखा उचलत नसेल तर

पंखा जागेवरच घुरघुरतोय, फिरत नाही, किंवा फार हळू वेग घेतोय, आणि बंद असताना हाताने फिरवला तर मोकळा फिरतोय, तर कपॅसिटर पाहा. खूप लहान पंख्यांत तो नसतोही. असेल तर वायरींना जोडलेली छोटी डबी दिसेल. तिच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा आणि व्होल्ट लिहिलेले असतात. नवा अगदी त्याच आकड्याचा घ्या. मोठा घातला तर पंखा पळेल असं काहीजण सांगतात, पण त्याने घुरघुर वाढते आणि मोटार तापते. जुना काढण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड मुठीचा स्क्रूड्रायव्हर क्षणभर एकदम टेकवा, आत उरलेली वीज निघून जाते.

एक्झॉस्टला रेग्युलेटर लावलेला असेल तर तो काढून सरळ जोडून पाहा. पुष्कळदा घुरघुर तिथेच संपते.

जळका वास येत असेल, पाच मिनिटांत मोटारीला हात लावता येत नाही इतकी ती तापत असेल, किंवा पंखा लावला की आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडत असेल, तर पुढे जाऊ नका. वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, गेलंय. लहान पंख्याचं वाइंडिंग करून घेण्यात राम नाही, त्यापेक्षा नवा घ्या. घेताना भिंतीतल्या भोकाचं माप कागदावर लिहून न्या, बॉल बेअरिंगचा आहे का विचारा. लोखंडी बॉडीचा असेल तर अर्थिंगची हिरवी वायर जोडूनच घ्या.

परत जोडताना

मोबाइलमधला फोटो समोर ठेवा. पिन शाफ्टमध्ये, पात्याची खाच पिनेवर, मग नट, तोही उलट्या आट्यांनी, हाताने पुरेसा घट्ट. जाळी लावण्याआधी पातं हाताने दहा वेळा फिरवा, कुठेही लागता कामा नये. जाळी लावा, खाली उतरा, फरशीवरचे स्क्रू मोजा, वाटी रिकामी आहे ना पाहा. मगच एमसीबी वर करा.

पहिली दहा मिनिटं पंखा चालू ठेवून सुरुवातीच्या त्याच चाचण्या पुन्हा करा. बटण बंद करून ऐका, लाटणं टेकवून ऐका. चौकटीच्या आतल्या कडेला मार्करने तेल घातल्याची तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोण स्टुलावर चढेल त्याला ती लागेल. शेवटी दार लावून घ्या आणि वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा जाळीजवळ नेऊन सोडा. तो जाळीला चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. खाली पडला तर दाराखालची फट आणि मागच्या झडपा पुन्हा एकदा बघा.